कक्ष क्रमांक २१७

कार्य आयोजना दहा वर्षांची असते.
झाडांना हे कुणी कळवलेलं नाही.

ताराबाई पार्कातल्या ऑफिसात मी नकाशा पसरते,
चार कोपऱ्यांवर चार वजनं :
स्टेपलर, चष्म्याचं घर, गार झालेला चहा,
आणि सड्यावरून आणलेला एक जांभा दगड.
आजऱ्याचं जंगल टेबलाबाहेर लोंबतं.
पंखा लावला की घाट फडफडतो.

शेजारी एकोणऐंशी सालची फाइल. शाई तपकिरी झालेली.
लिहिणारे कुणी गं. रा. हेरवाडकर,
अक्षर असं की ओळीला ओळंबा लावलेला.
‘कक्ष २१७. सडा. पडीक. निरुपयोगी.
निलगिरी व ऑस्ट्रेलियन बाभूळ लावावी.’
आणि त्याखाली शेऱ्याच्या रकान्यात,
कुणी विचारलेलं नसताना :
‘येथील पाणी गोड आहे.’

भाद्रपदात वर गेले.
सोबत वनरक्षक रेश्मा नायकवडी, गळ्यात टेप,
आणि धनगरवाड्याचे बमू येडगे, कमरेला कोयता.
छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा, हा नियम.
(कुणाच्या छातीच्या, हे नायकवडीनं एकदा विचारलं होतं.)
हिरडा, एकशे दहा.
अंजनी, बेचाळीस.
जांभूळ, दोनशे चौदा, पोकळ.
ती ओरडून सांगते, मी लिहिते,
खडूची फुली पाऊस पुसतो,
एक ऐन आम्ही दोनदा मोजला.

मग बाभळी. रांगेत, शाळेच्या मुलांसारख्या,
आणि त्यांच्याखाली काहीच नाही.
पाला कुजत नाही. गवा तोंड लावत नाही.
चालता चालता रांगा अचानक थांबतात.
त्या वर्षी रोपं कमी पडली असावीत.
आणि उरलेल्या अर्ध्या एकरात
पडीक जमीन निळी होऊन पसरलेली :
सीतेची आसवं, तेरडा,
खडकाच्या वाटीत बोटभर पाणी, पाण्यात मुळं.
पाय कुठं ठेवावा कळेना. बूट काढले.
हेरवाडकर, तुमचा हिशेब चुकला
ती तुमची सगळ्यात मोठी कामगिरी.

राग आला. मग गेला.
‘पडीक’ हा शब्द त्यांना वरून आला असणार,
जसा मला ‘अवनत’ येतो, ‘पुनरुज्जीवन’ येतो.
यातला कुठला शब्द चाळीस वर्षांनी
कुणाला अनवाणी उभं करील,
मला सांगता येत नाही. रोज वापरते.

‘पाणी कुठं होतं हो इथलं?’
बमू येडगे हसले.
‘हाय की. बाभळी आल्या तवा खाली सरकलं.
जागा बदलली बाई, चव न्हाई.’
करवीत वीस मिनिटं उतरलो.
कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार.
ओंजळ धरली. थंड. थोडं लोखंडासारखं.
गोड म्हणण्यासारखं मला काही लागलं नाही.
नायकवडीला लागलं. ती दोनदा प्यायली.

परत ऑफिस.
आता शेऱ्याला पन्नास अक्षरं मिळतात.
लिहिलं : ‘बाभळी टप्प्याटप्प्याने काढाव्यात.’
पुढच्या चौकटीत : ‘सड्यावर काहीही लावू नये.’
वरून विचारणा आली,
मग लागवडीचं उद्दिष्ट किती दाखवायचं?
शून्य टाकलं. सिस्टीम शून्य घेत नाही.
अर्धा हेक्टर तरी लिहा, म्हणाले साहेब, चांगल्या मनानं,
निवृत्तीला त्यांचे चार महिने उरलेत.
मी लिहिलेलं नाही अजून.
पाण्यापुढे मात्र भरलं :
‘खाली सरकले आहे. चवीबाबत मतभेद.’

सहा वाजता नकाशा गुंडाळला.
दगड उचलला तिथं लाल भुकटी उरली होती, तळहाताएवढी.
आक्काताई फडकं घेऊन आल्या.
राहू द्या, म्हटलं,
तेवढं क्षेत्र अजून ठरायचंय.